मेथीचे पंधरा दिवस

दादा, सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅस बघायला, एकदा दाराची कडी, तिसऱ्यांदा कशाला ते आठवत नाही. मलाही साखर निघाली आहे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि तिथल्या आहारवाल्या मुलीने मराठीत छापलेला कागद दिला: गोळी बंद करायची नाही, सोबत चमचाभर भिजवलेली मेथी चालेल, थोडा फायदा काही अभ्यासांत दिसला आहे. तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही.

नाशिक रोडच्या आपल्या दोन खोल्या, नव्वदीची सुरुवात. तुम्ही छापखान्यात शाईचे रंग जुळवण्याची नोकरी करून नुकतेच निवृत्त झालेले. मोरीत स्पिरिटचा दिवा, काचेची नळी, निळं औषध. लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळंच राहिलं तर उत्तम, मग हिरवं, पिवळं, आणि विटकरी झालं की साखर भरपूर. आई नाकाला पदर लावते. "छापखान्यात हौस नाय फिटली व्हय, घरात पण रंग उकळायला?" तुम्ही नळी घेऊन खिडकीशी जाता. एकदा मी ट्यूबलाइटखाली बघून "हिरवा" म्हटलं, तर केवढे चिडलात! "दिव्याखाली रंग ठरवायचा नाय. उजेडात ये. कॉन्व्हेंटात एवढं पण शिकवलं नाय?"

पंधरा दिवस मेथी, पंधरा दिवस नाही. जेवण तेच, गोळी तीच, चालणं तेवढंच. रोजचा रंग भिंतीवरच्या कॅलेंडरवर. हे तुम्हांला कुणी शिकवलं नव्हतं. शाईत एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तुमची जन्माची सवय. चार महिन्यांनी म्हणालात, "मेथीच्या दिवसांत हिरवा जास्त पडतोय. आता पंधरा दिवस गोळी बंद करून बघतो." गोळी सोडली तर काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात. "तुझ्या लायब्ररीत बघ ना," तुम्हीच पुढे म्हणालात, "शिकलेले लोक काय म्हणतात ते."

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स आणली. त्यात होतं, मेथी खाणाऱ्यांची साखर थोडी उतरलेली दिसली. पण माणसं मोजकीच, सगळ्यांची औषधं चालूच होती, ठाम सांगायला आणखी अभ्यास हवा. मी शेवटचं तेवढं सांगितलं. "ठाम पुरावा नाही, दादा. उपयोग नाही."

"छापलंय तसं?"

"हो."

तुम्ही कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होतात. शाळेच्या पालकसभेत बघायचात तसे. सिस्टर इंग्रजीत म्हणायच्या, मुलगी धांदरट आहे. मी मराठीत सांगायचे, हुशार आहे म्हणतात. बाहेर आल्यावर पेरू घेऊन देत तुम्ही म्हणायचात, "सिस्टरचा चेहरा तर काही वेगळंच सांगत होता, बाई." त्या दिवशी मात्र एवढंच म्हणालात, "तू वाचलंस ना. मग झालं."

कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर गेलं. मेथीचा डबा आईला दिलात. "फोडणीला घे. तशीही लय कडू होती." गोळी शेवटपर्यंत वेळेवर घेतलीत, त्यासाठी मी आजही देवाचे आभार मानते. पण सकाळी खिडकीशी उभं राहणं सुटलं. दहा वाजेपर्यंत तुम्ही नुसते खाटेवर बसून असायचात, हात मांडीवर ठेवून. ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

गोळी चालू ठेवून मेथी खाल्ली तर थोडा फायदा दिसतो, एवढंच त्या लेखाचं म्हणणं होतं. त्या आहारवाल्या मुलीने तेच दोन ओळींत सांगितलं, आणि मी किती शहाण्यासारखी मान हलवली.

तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाईत होते, साखर उतरल्याचं वरचं वाक्य नजरेतून सुटलं. मेथी मीही भिजवते आता. साखर मोजायचं यंत्र आकडा दाखवतं, त्याला रंग नाही. कॅलेंडर काल माळ्यावरून काढलं. तुमची अक्षरं अजून नीट लागतात. त्यात झेरॉक्सही घडी करून ठेवलेली निघाली. तुम्हांला न वाचता येणारा कागद तुम्ही कशाला जपलात, दादा?

हे पत्र त्याच गुंडाळीत ठेवणार आहे. घाई नव्हती. ते वाक्य मी घरी येताना बसमध्ये दोनदा वाचलं होतं. दुसऱ्यांदा खिडकीशी सरकून, उजेडात.