पिवळ्या छत्रीमागची फुकट सहल

बिश्केक, जूनअखेर

आदरणीय बुरुल एजे,

धाकट्या भावाचा सलाम. तुझे गुडघे, तुझ्या मेंढ्या आणि कुरणावरचं गवत, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. मी बरा आहे. (सून म्हणते वजन वाढलंय. तिला माझं घरात असणंच वाढलेलं वाटतं.)

तर याच सुनेनं, नुरिलानं, मला बाहेर काढायचं ठरवलं. उन्हाळ्यात इथे शनिवारी फुकट पायी सहली निघतात. कुणीतरी पिवळी छत्री घेऊन पुढे चालतं, आपण मागून जायचं, भिंतींवरची चित्रं बघायची आणि माना डोलवायच्या. छत्रीवाल्या मुलीनं सुरुवातीलाच बजावलं, की शेवटी एका अंगणात नाटक आहे, बघणाऱ्यांनीही त्यात भाग घ्यायचा, लाजायचं नाही. मी कधी लाजलोय? पण वाटेत पिंपातलं गार, आंबूस माक्सिम विकणारी बाई दिसली. एक पेला प्यायलो, मग दुसरा (पहिला नुसता तहानेचा होता), आणि मान वर केली तर छत्री गल्लीत वळत होती. धावलो.

छत्री एका अंगणात शिरली, मीही शिरलो. अंगावर मूठमूठ मिठाई उधळली गेली. फुकटच्या मानानं थाट बरा आहे, असं वाटलं. छत्रीखाली मात्र ती मुलगी नव्हती, एक म्हातारी होती. म्हटलं, नाटक सुरू झालं असेल. मला थेट मानाच्या जागी बसवलं. तू कोण, असं कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? पांढऱ्या दाढीला असा प्रश्न आपल्यात करतात का? मुलाकडच्यांना वाटलं मी मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचा, आणि मला वाटलं सगळेच नट.

कामं मात्र झकास करत होते. होणाऱ्या सासूनं मुलीच्या कानात डूल घातले, म्हणजे सोयरीक ठरली. मुलीची आई रडायला लागली, तेव्हा मी वाकून तिला म्हटलं, रडणं अगदी खरं वाटतंय हो. ती आणखी जोरात रडली. मी टाळ्या वाजवल्या (एकट्यानंच). मग गोष्ट अडली. मुलगी, बेगिमाय तिचं नाव, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलाकडच्यांना लग्न येत्या शरदातच हवं, शिक्षणाचं मग बघू म्हणे. बाप मान खाली घालून बसलेला. मुलगी चहा ओतत होती, आणि पेला भरून वाहिला तरी ओततच होती. तेवढ्यात रश्श्याचा वाडगा आला, तो मी संपवला, मग मांस आलं, थोरल्याचा वाटा माझ्यापुढे ठेवला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. थोरल्यानं आशीर्वाद द्यायचा, तो म्हणेल ते ठरलं. मी हात पसरले. "पोरीनं आधी परीक्षा द्यावी, मग लग्न करावं, आणि दोघांचं घर भरलेलं राहो," म्हणालो. सगळ्यांनी सवयीनं ओमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले.

मग नवऱ्या मुलाच्या बापानं हळूच विचारलं, आबा, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे? मी म्हटलं, मी प्रेक्षक. एजे, मग एकच गलका उडाला. कुणी म्हणे आशीर्वाद रद्द, कुणी म्हणे आधी याला रद्द करा. माफी कुणाची मागावी तेच मला कळेना. शेवटी छत्रीखालची म्हातारी, म्हणजे मुलाची आजी, बोलली. "दाढी खरी आहे ना? तोंडावरून हात फिरवलेत ना? मग आता मांस गार करू नका." वर मला नवा झगा घातला. तो मान होता की दंड, हे अजून कळलेलं नाही.

तुझा गोंधळलेला भाऊ,
जुमादिल

ता. क. : म्हातारीचं म्हणणं, ज्यानं शब्द दिला त्यानं लग्नात उभं राहायला हवं, सोबत घरची थोरली बाई आणि एक मेंढा घेऊन. बायको वारली त्याला चार वर्षं झाली (देव तिला सुखात ठेवो), आणि पाचव्या मजल्यावर मेंढे होत नाहीत. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात, पोरीची परीक्षा झाली की, लग्नाला तू ये. मेंढा जरा धष्टपुष्ट बघ, माझी अब्रू आहे.

आणखी एक : नुरिलाला कळवू नकोस. तिच्या मते सहल फुकट होती.

अगदी शेवटचं : निघताना बेगिमायनं फाटकाशी गाठून विचारलं, "आबा, तुम्हाला खरंच नाटक वाटत होतं?" मी हो म्हणालो. तुला मात्र खरं सांगतो. रस्सा गरम होता, एजे. फुकटच्या नाटकात गरम रस्सा कोण देतं? आशीर्वाद मी तो प्यायल्यावर दिला. लग्नासाठी तुला शिक्षिका व्हायचं कॉलेज सोडायला लावायचं ठरलं, त्या दिवशी तूही अशीच चहा ओतत होतीस. तेव्हाही मी हेच बोललो असतो, पण मला दाढी नव्हती.