चार नंबरच्या इमारतीतले आवाज

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगतो: मी बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो, काचेच्या कारखान्यात रोज जातो, मालक शिव्याही इतरांइतक्याच देतो. म्हणजे मला आता वेगळं वागवत नाहीत. बातमी चांगली आहे आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला पुरती खरी वाटेना.

आपण गाव सोडून या शहरात आलो तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तुला आठवतं, पहिल्या आठवड्यात मी जिन्यात भेटेल त्याला हाक मारायचो आणि लोक दचकून बघायचे? सहावा मजला, कायम बंद पडलेली लिफ्ट, मागे गोदाम, दिवसभर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकांची पीं-पीं. दर सहा महिन्यांनी शेजारी बदलायचे. मोरीच्या खिडकीबाहेर हवेसाठी सोडलेल्या त्या अरुंद बोळातून साऱ्या इमारतीची भांडणं आपल्या घरात यायची, पण भांडणाऱ्यांचे चेहरे कधी दिसायचे नाहीत. पुढे तू लग्न करून गेलीस, आई-बाबा एकापाठोपाठ गेले, आणि त्या बोळातले आवाज माझ्याशी बोलायला लागले. तेविसाव्या वर्षी मी ती खिडकी काळ्या रंगाने रंगवून टाकली. त्यापुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस.

हॉस्पिटलातून सुटल्यावर दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन द्यायला एक सिस्टर घरी यायची. सहा मजले चढून धापा टाकत म्हणायची, "तुझ्यापेक्षा मलाच आधी काहीतरी होणार बघ." तिच्या दवाखान्यात भिंतीवर शहराचा नकाशा होता. मोठ्या मानसिक आजाराच्या प्रत्येक पेशंटच्या घरावर एक लाल टाचणी. तळ्याकाठच्या बंगल्यांवर दोनच होत्या. आपल्या सहा इमारतींवर इतक्या, की तिथला कागद फाटला होता. मी कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच नासका निघालो. सिस्टर म्हणाली, "वस्तीनेच आजार दिला असं म्हणू नकोस, एवढं सोपं नसतं ते. पण मुळात हळव्या असलेल्या जागी रोज कोणी बोट दाबत राहिलं, तर दुखणारच ना?"

घरी आलो तो जिन्यातच थांबलो. आपल्या जिन्याच्या खिडक्यांना एकही काच धड नव्हती, पत्रे ठोकून भरदुपारी अंधार केलेला. वसाहतीच्या कार्यालयात विचारलं तर कारकून वर न बघता म्हणाला, "नंतर या." मी मालकाकडून काचांचे उरलेले तुकडे मागून घेतले आणि रविवारी एक-एक मजला बसवायला लागलो. साध्या, खडबडीत, हिरव्या, जशा मिळतील तशा. तिसऱ्या मजल्यावर पुट्टी भरत होतो, तर एक काकू चहा घेऊन बाहेर आल्या. कप पायरीवर ठेवत हळूच म्हणाल्या, "माझी मुलगी आत आहे. चार वर्षं उंबरा ओलांडला नाही तिने. तुला... तुला असंच झालं होतं ना रे?"

ताई, सगळ्या इमारतीला माझं माहीत होतं, आणि मला कोणाचंच नव्हतं! पाचव्या मजल्यापर्यंत काचा पोचल्या तोवर मला असे सात दरवाजे कळले होते. सात घरं, एकाच जिन्यात, एकमेकांपासून लपून.

तळमजल्यावर कपडे वाळवायची जुनी खोली होती, वर्षानुवर्षं कुलपात. या घरांनी आणि मी मिळून ती मागितली. बसायला, बोलायला, आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी तिथे यावं म्हणून. कार्यालयाला तिथे मोडकं सामान ठेवायचं होतं. प्रकरण नगरपालिकेच्या सभेत गेलं. सिस्टरने नकाशा नेला, काकूंनी सहाही इमारतींमधून बायका गोळा करून आणल्या, आणि बोलायचं मी. घाबरून मी भाषण पाठ करून नेलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, "चार नंबरच्या इमारतीतला पेशंट. तिथल्या काचाही मीच बसवल्या." सभागृह हसलं, मीही हसलो, आणि भीती गेली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. फक्त एवढंच सांगितलं, की आमच्या घरात माणसं आजारी पडतात, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं तर बरं व्हायला जागाच नाही.

सगळे हात वर गेले, ताई. सगळे! खोली मिळाली, डॉक्टर मिळाले, लिफ्टही महिन्याभरात चालू झाली. बायका माझं नाव घेऊन ओरडत होत्या. इतके आवाज एकदम, आणि ते बाकीच्यांनाही ऐकू येत होते!

आता हे पत्र का, ते सांगतो. गेल्या मंगळवारी काकूंची मुलगी फार बिघडली. डॉक्टर म्हणाले, आजच भरती करा. आईची सही हवी होती. काकूंच्या हातातलं पेन कागदाला टेकेना. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती मला कधी माफ करील का रे?" आणि मला तू दिसलीस. त्या हॉस्पिटलच्या टेबलाशी, माझ्या कागदावर सही करताना, मी तुला नाही नाही ते बोलत असताना. त्यानंतर तू पाठवलेलं प्रत्येक पत्र मी न फोडता परत केलं. मी काकूंना म्हणालो, "करील. माझ्या ताईने सही केली म्हणून मी आज इथे उभा आहे." त्यांनी सही केली. मुलगी काल पोटभर जेवली आणि तिने आईला जवळ बसवून घेतलं. तिला सहा दिवस लागले, ताई. मला अकरा वर्षं लागली. तू बरोबर केलंस. ये ना आता. मी खाली फाटकाशी उभा राहीन.

तुझाच, तू वाचवलेला,
धाकटा