फोटोआधी उजळ

८ जानेवारी २०१४, बुधवार
आनंदाची बातमी. टोकियोतल्या आमच्या बँकेच्या नव्या वेबसाइटवर परदेशी स्टाफचा चेहरा म्हणून माझी निवड. आमचे साहेब मोरी-सान म्हणाले, २०११ च्या भूकंपानंतर टिकून राहिलेला माणूस हवा. मी टिकलो होतो. (त्या आठवड्यात पुण्यात मेहुणीच्या लग्नाला होतो, पण परत आलो ना.) फोटो २१ फेब्रुवारीला.
प्रश्न एकच. ऑफिसच्या ट्यूबलाइटमध्ये मी जरा सावळा दिसतो. वस्तुतः मी गहूवर्णी. लग्नाच्या बायोडेटात तसंच लिहिलं होतं. लग्नानंतर विभाने विचारलं होतं, कुठला गहू.
संकल्प: सहा आठवड्यांत दोन शेड उजळ.

११ जानेवारी, शनिवार
फुनाबोरी स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात अख्खी भिंत गोरेपणाची. इथे त्याला 'बिहाकू' म्हणतात. शोभिवंत गोरेपण. दुकानातल्या बाईंनी अदबीने सांगितलं की हे लोशन डागांसाठी आहे, एवढासा थेंब, फक्त डागावर. मी विचारलं, डाग मोठा असेल तर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन बाटल्या दिल्या.

१५ जानेवारी
लेबलवर दिवसातून एकदा लिहिलंय. ते जपानी कातडीसाठी. आपली दणकट. मी तीनदा लावतो.
गाल चुरचुरतात. म्हणजे लागू पडतंय.

१९ जानेवारी, रविवार
तिसऱ्या मजल्यावरच्या अबेनाबाई आल्या होत्या. मूळच्या घानाच्या. नवरा ट्रेडिंग कंपनीत, त्या घरीच वेण्या घालून देतात. त्यांची एफुआ आमच्या प्रणिताच्या वर्गात, चौथीत. दोघी आपसात जपानीत बोलतात. माझ्याशीही.
अबेनाबाई चांगल्या काळ्या आहेत. मी वर्णभेद मानत नाही, म्हणून इतकं मोकळेपणाने लिहितो. पण नवल असं की या भुक्कड थंडीत त्यांचे हात नुकत्याच तेल लावलेल्या शिसवीसारखे तुकतुकीत, आणि माझ्या हातांवर नखाने सही करता येते. त्यांनी विचारलं, खाज येते का. नाही म्हटलं. मग सोफ्याच्या कडेला कोपर घासलं.
जाताना डबा देऊन गेल्या. आत पिवळट गोळा, धुराचा वास. एका झाडाच्या बियांचं लोणी. त्यांच्याकडे त्याला 'न्कुतो' म्हणतात. मावशा बिया भाजतात, दळतात, हाताने घुसळतात, आणि कातडीला लावतात. मी त्यांना आपल्या आयुर्वेदाबद्दल वीस मिनिटं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.
डबा विभाच्या टाचांसाठी ठेवला.

२३ जानेवारी, गुरुवार
प्रणिताचा गृहपाठ: स्वतःचं चित्र. शाळेत दहा वर्षांच्या मुलांचा समारंभ आहे. इथे विसाव्या वर्षी सज्ञान, म्हणून दहाव्या वर्षी अर्धं. आईवडिलांसमोर पत्र वाचायचं, भिंतीवर चित्र लावायचं.
पोरगी तासभर तपकिरीत नारिंगी मिसळत बसली होती. चेहरा हुबेहूब आला होता. एवढा हुबेहूब कशाला? मी फिकट गुलाबी पेन्सिल पुढे केली. सगळा वर्ग हीच वापरेल, तुझं एकटीचं वेगळं दिसेल, म्हटलं. तिने 'का' म्हणून विचारलं. नीटनेटकं दिसतं, म्हटलं. तिने बराच वेळ माझ्या गालांकडे पाहिलं आणि पेन्सिल घेतली.
मुलगी समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.

३० जानेवारी
दोन निरीक्षणं.
एक, दुसरी बाटली फार भराभर संपतेय. जपानी पॅकिंगची कीर्ती उगाच आहे.
दोन, दोन्ही गालांवर काळसर चट्टे. घाबरायचं कारण नाही. आतला काळेपणा वर येऊन निघून जायचा, हे शास्त्रीय वाटतं. तोवर मफलर.

३ फेब्रुवारी, सोमवार
आज घरात जे झालं त्याची इथे फक्त नोंद करतो. माझा दोष शोधायला नव्हे.
प्रणिता बाथरूममध्ये माझं लोशन मानेला चोळत होती. मान लालभडक. विभाने पाहिलं. ती ओरडली नाही, तेच वाईट. कधीपासून, एवढंच विचारलं. प्रणिता मराठीत म्हणाली, "चित्र काढलं तेव्हापासून. चित्रासारखं व्हायला नको का?"
विभाने बाटली बेसिनमध्ये उपडी केली. मग झाकण एका पिशवीत, बाटली दुसऱ्या पिशवीत, खोका तिसऱ्यात टाकला. एवढ्या रागातही कचरा वेगळा करणारी बाई.
मी मुद्दा मांडला की मी मुलीला रंगावरून आजवर एक शब्द बोललेलो नाही. फक्त पेन्सिल बदलली. विभा म्हणाली, तेच.
मुलीची मान ओल्या फडक्याने मी पुसली. तिने मान वळवून घेतली.

८ फेब्रुवारी, शनिवार
टोकियोत कैक वर्षांत झाला नाही एवढा बर्फ. विभाने प्रणिताला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं होतं. संध्याकाळी मी आणायला गेलो.
दोघी मुली नुकत्याच आंघोळ करून हीटरसमोर बसलेल्या. अबेनाबाई लोण्याचा खडा तळहातांत चोळून वितळवत होत्या. अंग ओलसर असतानाच लावायचं, म्हणाल्या. कोपर, गुडघ्याच्या मागे, कानाच्या पाळ्या, काही सोडायचं नाही. त्यांच्याकडे हिवाळ्यात वाळवंटाचा कोरडा वारा सुटतो. तेव्हा आजी सकाळी सगळ्या नातवंडांना ओळीने बसवायची, आणि चोळता चोळता कोणाचे खांदे कोणत्या पणजीवर गेलेत ते सांगायची. न चमकता दाराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. राखेच्या अंगाने पोर हिंडलं तर लोक म्हणायचे, याचं कोणी नाही का.
मी म्हटलं, आमच्याकडेही हेच. माझी आई मला हळद-बेसन लावायची.
त्यांनी विचारलं, कशासाठी.
उत्तर तोंडाशी आलं होतं. प्रणिता माझ्याकडे बघत होती. थंडीसाठी, म्हटलं.
मग अबेनाबाई प्रणिताच्या मानेवर अगदी हलक्या हाताने लोणी लावत म्हणाल्या, "ही कातडी तुझ्या आजीच्या आजीने उन्हातून इथवर आणलीय. हिला उपाशी ठेवायचं नाही."
त्यांच्याकडेही सगळं आलबेल नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. राजधानी अक्राच्या दुकानांत गोरं करणाऱ्या क्रीमची रांग असते. धाकट्या बहिणीने लग्नाआधी लावलं, तोंड भाजलं, लग्नाच्या फोटोत ती तोंडावर जाळी ओढून आहे. मी हळहळलो. अडाणीपणा फार वाईट, म्हटलं. बोलताना मफलर जरा वर ओढला.
निघताना पाहिलं, टेबलावर प्रणिता नवीन चित्र काढत होती. तपकिरीत नारिंगी. मी पेन्सिलींना हात लावला नाही. माझी भूमिका सुरुवातीपासून हीच होती.

१२ फेब्रुवारी
विभाच्या टाचांचा डबा मी घेतला. नैसर्गिक गोष्टींचा मी मूळचाच पुरस्कर्ता. घाईत ओंजळभर लावलं. मीटिंगमध्ये चष्मा तीनदा घसरून मोरी-सानांच्या फाइलवर पडला. पण खाज थांबली, हे मान्य करावं लागेल. कोणापुढे नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
फोटो झाला.
मेकअपवाल्या मुलीने तीन पेट्या उघडल्या. माझ्या रंगाचं काही नव्हतं. तिने इतक्यांदा माफी मागितली की शेवटी मीच तिची समजूत काढली. सगळ्यात गडद डबी फासली, तर मी करड्या रंगाचा झालो, पावसाळ्यातल्या भिंतीसारखा. मग फोटोग्राफरने लाइट वाढवले. अजून वाढवले. डोळे मिटले गेले. काळजी नको, काँप्युटरवर उघडतो, म्हणाला.

३ मार्च, सोमवार
वेबसाइट सुरू. चेहरा गोरापान, चट्टे गायब, नाक थोडं गायब. हात मात्र माझेच राहिलेत, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नसावं. एकंदरीत दोनच्या जागी सहा शेड. संकल्प सिद्धीला गेला.
आईला डोंबिवलीला लिंक पाठवली. तिने शेजारच्या सुप्रभाताईंना दाखवली. मग फोन करून म्हणाली, साहेब देखणे आहेत रे तुझे, तू कुठे उभा आहेस?
प्रणिताला दाखवला. तिने स्क्रीन बघितला, मग मला, आणि दप्तर भरायला गेली.

८ मार्च, शनिवार
शाळेचा समारंभ. मागच्या रांगेत उभे होतो. अबेनाबाई शेजारी. वर्गात गरम होत होतं, म्हणून मफलर काढावा लागला.
मुलं एकेक करून पत्र वाचत होती. कोणी बेसबॉल खेळणार, कोणी नर्स होणार. प्रणिताची पाळी आली. तिने कागद दोन्ही हातांत धरला आणि जपानीत मोठ्याने वाचलं, "मी मोठी झाल्यावर लोकांच्या कातडीची डॉक्टर होईन. माझ्या बाबांचे गाल दुखतात. ते सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं कोणाला दिसत नाही. मला दिसतं. मी त्यांना रागावणार नाही."
तीसएक पालक वळून माझ्याकडे बघू लागले. जपानी लोक सहसा बघत नाहीत.
अबेनाबाईंनी टाळ्या सुरू केल्या.
विभाने कानाशी येऊन विचारलं, अर्थ सांगू का.
नको म्हटलं. चौथीचं जपानी मला येतं.