माईकवाल्याचा चष्मा

२ मार्च, रविवार

आज माझी लाज गेली. तीही लाऊडस्पीकरवरून!

शेजारच्या गावची यात्रा, बैलगाडा शर्यतीचा घाट – म्हणजे गाडे पळवायची चढाची धावपट्टी. माईकवर बाळासाहेब – आमच्या आंबेगाव तालुक्यात तसा आवाज दुसरा नाही. दोन वर्षं मी त्यांच्या मागं हिंडतोय. वायर ओढतो, यादी धरतो, चहा आणतो. आणि आज पहिल्यांदा म्हणाले, "गोरख, दहा मिनिटं तू बोल. मी दोन घास खाऊन येतो."

यादीत पुढचं नाव सयाजीशेठचं. गाडा सुटला. बैलांच्या अंगावर भंडारा, त्यामुळं यात्रेत सगळ्याच जोड्या पिवळ्या. गाड्यापुढं पळणारी घोडी पांढरी. म्हटलं शेठचीच! "सयाजीशेठ! अकरा सेकंद! पहिल्या नंबरात!" – असा ओरडलो की भोंगा शिट्टी मारायला लागला. शेठची पोरं नाचली, फेटे उडाले.

आणि खालून सयाजीशेठ स्वतः चालत आले. "आरं, माझं बैल अजून टेम्पोतच हायेत. मंग पळालं कोण?"

अख्खा घाट हसला. पळाले होते सावळेरामचे बैल. शेठचा टेम्पो अडकला म्हणून नंबर बदलला होता, आणि मला समोर बघूनही कळलं नाही.

३ मार्च

हसले त्याचं काही नाही. सावळेराम डोक्यातून जात नाही. त्याचे बैल पहिल्या नंबरात, म्हणजे बारा सेकंदांच्या आत, कधीच आले नव्हते. काल आले आणि नाव दुसऱ्याचं! खाली येऊन म्हणाला, "भाऊ, येकदा माझं नाव घे की. पोरगी मोबाईलमधी शूटिंग करतीय." घेतलं. पण तोवर पुढचा गाडा सुटला होता. कोण ऐकतंय.

बाळासाहेब रागावले नाहीत, ते जास्त वाईट. "आवाज हाय तुझ्याकडं. पन बघून बोलत न्हाईस. मोठ्या घाटात माईक मिळनार न्हाई."

बघूनच तर बोललो!

४ मार्च

समृद्धीनं अंगणात परीक्षा घेतली. धाकटी बहीण, मंचरला कॉलेजात, फार शहाणी.

"दादा, पाण्याच्या टाकीवर काय लिहिलंय?"

"टाकीवर कुठं काय लिहिलंय?"

"गावाचं नाव! तुझ्याएवढं एकेक अक्षर! तू सातवीत होतास तेव्हापासून!"

मला वाटायचं लांबचं सगळ्यांना असंच दिसतं, पीठ उडाल्यासारखं. शाळेत फळा दिसायचा नाही म्हणून खिडकीतून बाहेर बघत बसायचो. बाहेरचंही दिसत नव्हतं. पण बाहेरचं कोणी विचारत नाही.

८ मार्च

चष्मा घ्यायचाच. पण माईकवर चष्मा? लोक मास्तर म्हणतील. ऑनलाइन बघितलं – मोबाईलमध्ये आपल्याच तोंडावर फ्रेम बसवून दाखवतात! दोन तास गेले. एका फ्रेममध्ये तलाठी दिसलो. एकीत लग्नातला कॅमेरावाला. शेवटी काळी, जाड.

मग त्यांनी नंबर विचारला. मोबाईलचा नाही, डोळ्यांचा. तो कुठून आणू? ऋषीचा घातला. लहानपणापासूनचा दोस्त, त्यालाही लांबचं दिसत नाही, मलाही नाही. एकच आजार तर एकच नंबर! समृद्धीला सांगितलं नाही.

१४ मार्च

पार्सल आलं. डबी काय सुंदर आहे!

१५ मार्च

डबीच सुंदर आहे. घातला आणि अंगण आईच्या बाजूला कललं. आई इवलीशी, लांब उभी. पाय उंच टाकत चाललो आणि कांद्याच्या वाफ्यात आडवा. आई म्हणाली, "सकाळी सकाळी?" मी म्हणालो, पिलो नाही, चष्मा आहे. तिला पटलं नाही.

समृद्धी दारात बसून हसत होती. "दुसऱ्याच्या चपलेत पाय घालतोस तसा दुसऱ्याचा नंबर घातलास?"

२० मार्च

मंचरला डोळे तपासायला निघालो होतो, खरंच. स्टँडवर ऋषी पिकअप घेऊन भेटला. घाटघरला मंडपाचं सामान टाकायचं होतं. म्हटलं, मंचर काय, उद्याही आहे. सुटलो जुन्नरकडं!

तिथं भागूबाबा भेटले, सत्तरीच्या पुढचे. ओट्यावर बसूनच म्हणाले, "पावणं, त्या कड्याखाली माझी म्हस दिसती का बगा. तांबडी हाय." मी डोळे बारीक करकरून बघितलं. कडा दिसला. बहुतेक कडाच.

"दिसली," म्हणालो.

"कुटं?"

"ती काय, तिथं."

"तिथं माझा भाऊ बसलाय," म्हातारा म्हणाला आणि खो खो हसला. ऋषी तर गाडीच्या फाळक्यावर लोळला. मीही हसलो. पण परत येताना वाटलं – मला विचारलं की मी 'दिसत नाही' म्हणतच नाही. ठोकून देतो. घाटातही तेच केलं.

२४ मार्च, सोमवार

कुठंच वळलो नाही. सरळ मंचर.

दुकानात आरती मॅडम. मशीनला हनुवटी टेकवायला लावली. आत एक लांब रस्ता आणि शेवटी रंगीत फुगा. किती छान रस्ता! म्हणालो, मॅडम, हा कुठला? म्हणाल्या, "हलू नका."

मग भिंतीवरची अक्षरं. वरची दोन बरोबर, पुढच्या ओळी धडाधडा म्हणून टाकल्या. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"अंदाज करू नका. दिसत नसेल तर नाही म्हणा, त्यात लाज कसली?"

मग मी म्हणालो. दिसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन. फार हलकं वाटलं राव!

उजवा मायनस अडीच, डावा पावणेदोन. "मोटरसायकल चालवता?" हो म्हणालो. "आज बसनं जा."

२९ मार्च

मिळाला. दुकानाच्या पायरीवर घातला. रस्त्याच्या पलीकडून एक बाई हात करत होती – चुलतमावशी, सोनीबाई! मी हात केला तर पळतच आली. "आज वळख दिली बया! सगळी म्हनत्यात, गोरख लई माजलाय, बघून न बघितल्यासारखं करतो."

किती वर्षं किती लोक मला हात करत असतील!

५ एप्रिल, शनिवार

छोटा घाट होता. बाळासाहेबांनी नुसतं शेजारी बसू दिलं. खालून कोणीतरी ओरडलं, "मास्तर आलं, हजेरी द्या रं!" हसू दे. भंडारा उडाला की काच पिवळी होते, पुसायची आणि परत घालायची. पण दिसतं! गाडीवानाची मिशी दिसते. घड्याळाचा आकडा दिसतो. यादीकडं न बघता सगळ्या जोड्या ओळखू आल्या.

दुपारी एक गोष्ट झाली. यादीतली एक जोडी आलीच नाही, तिच्या जागी दुसरी जुंपली. मला लख्ख दिसलं. आणि बाळासाहेबांनी यादीतलं नाव घेतलं! पुढचं वाक्य म्हणजे सेकंद, ते एकदा बोललं की परत फिरता येत नाही. मला सावळेराम आठवला. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला आणि कानात खरं नाव सांगितलं.

त्यांनी माईक सावरला. मग म्हणाले, "ऐका मंडळी, नाव बदललंय –" आणि बरोबर बोलले.

घाट संपेपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. निघताना फक्त, "ह्यो चष्मा कुटनं घेतलास?" दुकान सांगितलं. मान हलवली आणि गेले. आवाजावरून काही कळेना.

६ एप्रिल

फोन उचलत नाहीत. तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाला चिमटा काढला मी! पण काढायलाच हवा होता ना?

७ एप्रिल

आज घाट नाही, कुठं हिंडलोही नाही. समृद्धी म्हणते, आजारी आहेस का?

८ एप्रिल

सकाळी बाळासाहेबांचा फोन. मंचरहून, डोळ्यांच्या दवाखान्यातून! चष्म्याच्या दुकानातल्या मॅडमनी पाठवलं म्हणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आज उजव्याचं ऑपरेशन. "तीन वर्सं झाली गोरख. पब्लिक ज्येचं नाव वरडतंय त्ये ऐकायचं, मंग आपन बोलायचं. कुनाला सांगितलं न्हाई. तुझा चिमटा बसला आन् म्हनलं, आता पुरं." मग म्हणाले, "रविवारचा मोठा घाट तुझा. कमिटीशी बोललोय. डाक्टर मला धुळीत जाऊ देईना, घरी मोबाईलवर लावून ऐकनार हाय. येका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं दिसत न्हाई. तू बोलशील तेवढाच घाट मला."