धुराची नळी

रावेर, ता. ६ फेब्रुवारी १९५३

चि. रतिलाल यास तोतारामचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, तुझी पिकअप सोडून. तुझी म्हणतो, कारण चालते तेव्हा ती घरची असते आणि अडते तेव्हा तुझी.

काल पुन्हा स्टेशनाच्या अलीकडे बंद पडली. जरा उभी केली की इंजिन धापा टाकते आणि मरते. ऑईल तर अंगातून घाम फुटावा तसे सगळीकडून गळते. ऑईल मोजायची पट्टी चालत्या गाडीत आपोआप वर उडते. केळीचे घड गाडीत, वॅगन स्टेशनात, आणि आपण मध्ये. शेवटी शेजारच्या मोतीलालच्या बैलांनी ओढून नेली. तो वाटभर नुसता हसत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

लष्कराच्या लिलावातली ही गाडी तू पसंत केलीस. ती नीट चालली तर वैशाखातल्या आखाजीच्या सणाला धुळ्याची फिटरची नोकरी सोडून तू घरी यायचे आणि गाडी सांभाळायची, असे ठरले आहे. तुझी बायको सुगंधा त्याच आशेवर दिवस काढते आहे. पण पुढची वॅगन चुकली तर मी गाडी भुसावळच्या भंगारवाल्याला देईन आणि पुन्हा बैलगाड्या जुंपीन. मग तू धुळ्यातच राहा.

तीर्थरूप नानांचा तुला आशीर्वाद. लोभ आहेच, पण सध्या गाडीने तो पातळ केला आहे.

तुझा,
तोताराम

धुळे, ता. १० फेब्रुवारी १९५३

ती. स्व. भाऊस बालके रतिलालचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेले नाही. दिवाळीला मी गाडी लावून दिली तेव्हा ती शिवणयंत्रासारखी चालत होती. आता कोणी हात लावला, हे मी विचारत नाही. तुम्ही सांगणार नाही.

कार्बोरेटरच्या बुडाशी स्प्रिंग घातलेला एक छोटा स्क्रू आहे. तो हलक्या हाताने आत टेकवा आणि मग दीड फेरा उलटा सोडा. हलक्या हाताने म्हणजे, भाऊ, बैलगाडीचा खुंटा ठोकतो तसे नव्हे. हे इंजिन गरम असताना करायचे. देवपूजा आटोपून पहाटेच्या गारठ्यात केलेत तर उपयोग नाही. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जाते असे समजा.

ऑईलचे मात्र कोडे आहे. प्रमाणापेक्षा जास्त ओतलेत का? आणखी काही केले असेल तर कृपा करून लिहा. गाडी विकू नका. मला इथल्या खोलीचा आणि स्वतःच्या हाताने थापलेल्या भाकरीचा आता वीट आला आहे.

वडीलधाऱ्यांना नमस्कार. रागावलात तरी आशीर्वाद कमी करू नये.

आपला,
रतिलाल

रावेर, ता. १५ फेब्रुवारी १९५३

चि. रतिलाल यास अ. आ.

तुझे पत्र ओसरीवर साऱ्यांपुढे मोठ्याने वाचले. स्क्रू फिरवला, दीड फेरा सोडला, इंजिन गरम होते. फरक शून्य. उलट ऑईल क्लचवर गेले आणि स्टेशनाच्या चढावर चाके जागची हलेनात. परवाची वॅगन ही शेवटची संधी. त्यानंतर भुसावळ.

आणि मी काळजी घेत नाही असे सुचवू नकोस. उलट तुझीच चूक मी गुपचूप निस्तरली. इंजिनाखाली तू एक नळी उघडीच ठेवून गेलास. तिच्यातून धूर निघून थेट घडांखाली जायचा. केळीवाल्याचा मुलगा ना तू? धुरी लागली की हिरवे केळ पिकायला लागते, हे आपल्याकडे पोराटोरांना कळते. वॅगन दिल्लीला पोचायच्या आत घड पिवळे पडले तर व्यापारी दारात उभे करील का? म्हणून संक्रांतीनंतर मी त्या नळीत केळीच्या खोडाचे वाळलेले सोपट गच्च ठासले आणि वरून सुतळी आवळली. ऑईल ओतायच्या झाकणाला जाळी आहे, तिथूनही वाफ यायची; त्यावर मेणकापड बांधले. तेव्हापासून धुराचा धागा दिसत नाही.

कळावे. तुझ्याकडून शहाणपणाची वाट पाहणारा,
तोताराम

धुळे, ता. १६ फेब्रुवारी १९५३

ती. स्व. भाऊस सा. न. वि. वि.

कारखान्यातल्या माझ्या सोबत्याचा, पुनाचा, भाऊ आज रावेरला निघाला आहे, त्याच्या हाती हे देतो. हे पत्र ओसरीवर वाचू नका.

भाऊ, तुम्ही गाडीचे नाक आणि तोंड दोन्ही बांधलेत. पेट्रोल जळते तेव्हा थोडा धूर खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर पडावा म्हणूनच ती नळी. वाट बंद झाली की तो आत कोंडतो आणि सापडेल त्या फटीतून ऑईल बाहेर ढकलतो. पट्टी उडणार नाही तर काय होईल? मी इथे बसून स्क्रूचे फेरे मोजतो आणि तुम्ही तिथे तिचा गळा दाबून धरता! पुनाला सांगितले तर तो म्हणाला, "तुना भाऊ देवमाणूस शे, पन त्याले बोनेटले हात लावू देऊ नको." मी त्याच्यावर रागावलो, पण मनातून पटले.

सोपट आत्ताच्या आत्ता काढा. झाकणाची जाळी रॉकेलने धुवा, ऑईल बदला, क्लच पुसून घ्या आणि स्क्रू पुन्हा लावा. धुरी लागायची तुमची भीती खोटी नाही. घडांखाली फळ्या घालून वर ओले गोणपाट अंथरा, म्हणजे झाले.

मला घरी यायचे आहे, भाऊ. एवढे तरी माझे ऐका.

रतिलाल

रावेर, ता. २० फेब्रुवारी १९५३

चि. रतिलाल यास अनेकोत्तम आशीर्वाद.

गाडी चालली! चढ एका दमात चढली, वॅगन आपण सर्वांआधी भरली. नाना पुढे बसले होते आणि मोतीलालची गाडी मागे पडेपर्यंत मान वळवून पाहत होते. ऑईलचा थेंब नाही, घड हिरवेगार.

आता मनातले लिहितो. तुझ्या पत्रांनी मला सगळे शिकवले. गाडी एवढी सुरळीत असताना तू चांगली नोकरी कशाला सोडतोस? आखाजीचा बेत तूर्त राहू दे. काही अडले तर पत्राने विचारीन. घरात सगळ्यांना हे पसंत आहे.

धुळ्यातच सुखी राहा. आशीर्वाद नेहमीपेक्षा जास्त.

तोताराम

रावेर, ता. २२ फेब्रुवारी १९५३

रा. रा. यांस सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

सगळ्यांना पसंत आहे असे भाऊंनी लिहिले. मला कोणी विचारले नाही.

तुमची पत्रे ओसरीवर वाचली जातात, ती दाराआडून मला पाठ झाली आहेत. काल दुपारी सगळे मळ्यात होते. कार्बोरेटरच्या बुडाशी तुम्ही लिहिला तो स्क्रू सापडला. आज सकाळपासून गाडी सुरू होते आणि पाय उचलला की मरते. भाऊ नळीत काडी घालघालून पाहत आहेत. आता तुम्हाला बोलावणारे पत्र लिहायला बसले आहेत. पुढची वॅगन आठवड्याने आहे, तेव्हा कोणाचे नुकसान नाही.

यंदा आखाजीला मी पहूरला माहेरी जाणार नाही. वाट पाहून माझाही जीव कोंडला आहे, हे तुम्हाला कधी लिहिले नाही, आज लिहिते.

स्क्रू स्प्रिंगसकट माझ्याजवळ आहे. टपालाने पाठवणार नाही.

आपली,
सुगंधा