सातव्या प्रश्नाचे उत्तर

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, काम घरोघर फिरून सर्वेक्षणाचे अर्ज भरण्याचे, आमच्या घरात शाळेत गेलेली पहिलीच, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. उद्या माझ्या पोटातल्या जखमेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. तरीही.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती खाण्यावरच खर्च करावी, माझ्या फोटोच्या चौकटीवर नव्हे.

२. टेबल, दिवा आणि निळी फाइल धाकट्या बहिणीला. फाइलीत आमच्या गल्लीतल्या एकशे बारा अर्जांच्या प्रती आहेत. सातवा प्रश्न : 'घरातले सर्वजण पोटभर जेवतात का?' सगळीकडे माझ्या सुवाच्य अक्षरात 'होय'. आमच्या अर्जावरही. मी विचारले तेव्हा शेगडी थंडच होती. आई म्हणाली, "होय लिही. घरची अब्रू कागदावर मांडतेस का गं?" सांगतील तेच लिहायचे, असा नियम होता. मी तो पाळला.

महिन्याभरात शाळेतले दुपारचे जेवण बंद झाले, कारण गल्लीत कोणी उपाशी नाही. आता पहिलीतली मुले बाकावर डोके टेकून झोपतात आणि बाई त्यांना आळशी म्हणतात. मला या सगळ्याची किळस येते. माझ्या सुवाच्य अक्षराची सर्वांत जास्त.

बहिणीने फाइल आणि हा कागद घेऊन कार्यालयात जावे, सर्वेक्षण पुन्हा करायला लावावे. पोटभर जेवता का, असे विचारू नये. काल काय शिजले, ते विचारावे.

३. माझे शाईचे पेन कार्यालयातल्या साहेबांना. निकाल वाचून ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले होते, "वा! तुमच्या गल्लीत भूकच नाही. अभिनंदन, मॅडम." बिस्कीट तुटून कपात पडले. त्यांनी ते बोटाने काढून टोपलीत टाकले. पेन चालत नाही.

४. मी गेल्यास, भेटायला येणाऱ्यांना "जेवलात का?" विचारू नये. थेट ताट वाढावे.

दुरुस्ती : शस्त्रक्रिया खरे तर आजच होती. सकाळी नर्सबाईंनी विचारले, "काही खाल्लंस का गं?" काल दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हते. मी म्हणाले, "हो, पोटभर." त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला उद्यावर ढकलले. मी खोटे बोलले, हे येथे नोंदवते. आमच्या अर्जावरचे 'होय' मी खोडत आहे. उत्तर : नाही.

आईला वाटा मिळतो, म्हणून ती साक्षीदार नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे आणि जेवून आले म्हणते.

साक्षीदार : नर्सबाई (सही), शेजारच्या खाटेवरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू (सही)

लिहून देणार : (सही)

स्थळ : स्त्रियांचा वॉर्ड, खाट नऊ
दिनांक : १६ मार्च, दुपारी साडेतीन