दसऱ्याला न घातलेली पिन

अण्णा,

तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी मी नोकरी सोडली आणि तुमचं काम घरी सुरू केलं, हे तुम्हाला माहीत नाही. गॅरेज नाही. इंदिरानगरच्या घरात मागची खोली आहे आणि ती पुरत नाही तेव्हा स्वयंपाकघर. लोक अख्खी गाडी आणत नाहीत, गाडीच्या पोटातलं आणतात. कार्बोरेटर, डायनमो, ब्रेकचे सांधे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे. मी उघडते, धुते, झिजलेलं बदलते, पुन्हा बसवते. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलमध्ये धुते. पितळी बुश, म्हणजे भोकात घट्ट बसणारी छोटी नळी, बसवायचा असला की तो आधी फ्रीजरमध्ये ठेवते, मटारच्या पिशवीशेजारी. तो आकसतो आणि हातोडीशिवाय आत जातो. तुम्ही त्यासाठी मला सायकलवर बर्फ आणायला पाठवत होता. बर्फ दुकानात पोचेपर्यंत अर्धा विरघळायचा आणि तुम्ही म्हणायचा, रस्त्यात चाटत आलीस काय.

गेल्या महिन्यात दिंडोरीहून एक तरुण आला. द्राक्षबागायतदाराचा नातू. गाडीच्या बॉडीचं काम त्याने पुण्याला दिलंय, ब्रेक माझ्याकडे आणले. खोकं ओट्यावर ठेवत म्हणाला, "काकू, सगळं ओरिजिनल आहे हं. आजोबांनी ॲक्सिडेंटनंतर गाडी शेडमध्ये लावली ती लावलीच. कोणी बोट लावलेलं नाही." गाव ऐकल्यावरच मला गाडी कळली होती. मामाची गाडी. म्हणजे मामा जिच्यावर ड्रायव्हर होता ती. मी नको म्हणू शकले असते. हो म्हटलं, त्याला चहा दिला, बाग कशी आहे विचारलं. तो छाटणीबद्दल बोलत राहिला.

काम मी मंगळवारी हातात घेतलं. सकाळचे अकरा असतील. या गाड्यांना तेलाचे ब्रेक नाहीत, तुम्हाला काय सांगायचं. पेडलपासून एक दांडा निघतो, तो आडव्या शाफ्टचा हात ओढतो आणि शाफ्ट चारही चाकं धरतो. त्या हातात एक बोल्ट पक्का बसलेला असतो. दांड्याच्या टोकाचं कडं त्यावर चढवायचं, वर नट, नटातून आणि बोल्टच्या भोकातून आरपार स्प्लिट पिन, पिनचे दोन पाय वाकवायचे. नट सुटला तर कडं निसटतं आणि पेडल रिकामं खाली जातं. पिन असेल तर नट सुटत नाही. एवढंच.

बाकीच्या सांध्यांवर पिना होत्या. तुमच्याच. एक पाय वर, एक खाली, टोकं आत वळवलेली, म्हणजे पुसताना फडकं अडकत नाही. हा बोल्ट मी शाफ्टच्या हातातून ठोकून काढला. त्यावर नट नव्हता. भोक ग्रीसने भरलं होतं. मी दाभणाने ग्रीस काढलं तेव्हा आत काहीतरी टोचलं. डिझेलमध्ये धरलं, ब्रशने घासलं. पिवळी तार. दोन पदरी, पिळलेली, दोन्ही टोकांना तुटलेली. बोटाच्या पेराहून लहान. पितळेची.

मी बोल्ट खाली ठेवला. गॅस बंद केला. गॅसवर काही नव्हतं, तरी शेगडीपाशी जाऊन बटण फिरवून पाहिलं. मग सिंकमध्ये हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले.

मला ती सकाळ आठवत नव्हती अण्णा. शपथेवर सांगते. सेहेचाळीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. आता ती पूर्णच्या पूर्ण समोर आहे. दसरा आहे. दुकानाच्या फळीवर लाल कापड, त्यावर सगळी हत्यारं मांडलेली, पाने, पकडी, हातोड्या, पिनांची पत्र्याची डबी. सगळी घासून, तेल पुसून. प्रत्येकाला हळदकुंकू मी लावलंय, नऊ वर्षांची आहे, करंगळीच्या पेराएवढं कुंकू प्रत्येकाला सारखं लागलं पाहिजे म्हणून मोजून लावलंय. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार हलवायचं नाही. हलवलं तर ते माणूस मागतं, असं तुम्ही मानत होता. दुकानातल्या सगळ्यांना तसं बजावत होता. मामा गाडी न्यायला येतो. तो नवीन सदऱ्यात आहे, पूजेचा पेढा त्याने घेतलाय, मालकाला दुपारच्या आत गाडी दारात पाहिजे म्हणून बाहेर पुन्हा पुन्हा काच पुसतोय. आणि तुम्ही गाडीखाली आहात. हात रिकामे. कपाळाला गंध. तुम्ही खालून मला हाक मारता, तोरणाची जराशी तार दे म्हणता. आपल्या दुकानाचं तोरण पितळी तारेत ओवलेलं असायचं, दोरा उंदीर खातात म्हणून. मी स्टुलावर चढते, टोकाचे चार झेंडू सोडवते, तार मागेपुढे वाकवून तोडते, तुम्हाला देते. तुम्ही बाहेर येता, हात झटकता आणि मला म्हणता, "उद्या सकाळी पिन घालू." मामाला काही म्हणत नाही.

नट तुम्ही हाताने आवळला होता. पाना फळीवर होता, सहा हातांवर.

संध्याकाळच्या आधीच बातमी आली. दिंडोरी रोडच्या उतारावर गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं. तो झेंडू विकून रिकाम्या टोपल्या घेऊन घरी चालला होता. जागच्या जागी गेला. मामा म्हणत राहिला, ब्रेक दाबला, लागला नाही. पंचनाम्याला जाणकार म्हणून तुम्हालाच बोलावलं. तुम्ही गाडीखाली गेलात, बाहेर आलात, सांगितलंत, "ब्रेकमध्ये दोष नाही. मीच तपासून दिली होती." हे आई सांगायची. अभिमानाने नाही, तक्रारीनेही नाही. माझा भाऊ तुरुंगात गेला आणि माझा नवरा खरं बोलला, अशा दोन गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि त्यांच्यासोबत ती जगली. भाऊबीजेला येवल्याला ती एकटी जायची. तुम्हाला दुकान असायचं. ती गेली तेव्हाही तिच्यासाठी त्या दोन गोष्टी तशाच होत्या.

तुम्ही खाली गेलात तेव्हा काय पाहिलंत, हे मी मंगळवारी पाहिलं. तेच भोक.

मी चौदा वर्षांची असताना एक वापरलेली पिन सरळ करून पुन्हा घातली होती. तुम्ही मला गाडीखाली आडवं झोपवलंत, ती पिन माझ्याच हाताने काढायला लावलीत आणि म्हणालात, "या पिनेवर अख्खा माणूस बसलेला असतो." तुमचा आवाज चढला नव्हता. मी तुमच्यासारखं व्हायचं ठरवलं ते त्या दिवशी. आणि आणखी एक. त्या दसऱ्यानंतर पिनांची डबी तुम्ही पूजेत कधी ठेवली नाहीत. सगळी हत्यारं फळीवर आणि डबी तुमच्या खिशात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, पिना म्हणजे हत्यार नव्हे. मला ते पटलं होतं. बाकी काय काय मला पटत गेलं होतं, ते आता मी एकेक करून पाहते आहे आणि थांबता येत नाही.

शुक्रवारी एसटीने येवल्याला गेले. मामा आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. सुटून आल्यावर तो मामीच्या माहेरी राहिला, पैठणीच्या मागावर. मागावर म्हणजे मागाशेजारी. मागाला पायाने दाबायच्या पट्ट्या असतात. मामा त्यावर कधी बसला नाही. तो चरख्यावर कांड्या भरतो, रेशीम कांडीवर गुंडाळून मामीला देतो. शिकवायला गेलं की म्हणायचा, पायाचं काम मला सांगू नका. सगळे हसायचे. मीही हसलेली आहे.

मी बोल्ट कागदातून काढून त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, "हे काय आणलं पोरी? मामीला वाटलं पेढे हाईत." मामी मागावरूनच म्हणाली, भाचीकडून लोखंडच मिळायचं. मी त्याला सगळं नीट सांगितलं. हात, दांडा, नट, पिन, तार. मी शिकवल्यासारखी बोलत होते. त्याने चष्मा वर केला, बोल्ट डोळ्याजवळ नेला. मामीचा माग थांबला.

त्याने विचारलं, "म्हणजे पेडल खाली गेलं आसंल?"

"पार जमिनीला. दाबलं तरी काही लागलं नसतं."

"म्हंजे मी दाबला व्हता."

"हो मामा."

"लय दिवस वाटायचं, दाबला. मग वाटाया लागलं, नसंल दाबला. शेजारच्या पेडलवर पाय पडला आसंल. सगळे तसंच म्हणत. दाजीसुदिक." तो आपल्या उजव्या पायाकडे बघत होता. अनवाणी, धोतराखालून आलेला पाय. त्याने तो जरा पुढे सरकवला, टाच जमिनीवर ठेवली आणि पंजा दाबला. एकदाच. मग मला म्हणाला, "दाबला व्हता मी."

मी येवल्याला गेले ती यासाठीच. त्याला हे कळावं म्हणून. ते झालं होतं. मी उठायला हवं होतं. त्याने बोल्ट माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "दाजीला म्हाईत व्हतं का?"

अण्णा, मी त्याला सगळं खरं सांगायला गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. तुम्ही खाली गेलात, पाहिलंत, बाहेर आलात. तीन वाक्यं. मामी बघत होती. मी म्हटलं, "नाही. त्यांना नव्हतं माहीत. माहीत असतं तर गप्प बसले नसते."

त्याने मान हलवली. म्हणाला, दाजी माणूस सरळ. मग चरखा फिरवायला लागला.

तोंडातून ते किती सहज आलं. आवाज हलला नाही, डोळे हलले नाहीत. मंगळवारपासून मी एकच विचारत होते, पंचनाम्याच्या वेळी तुम्ही ते कसं म्हणू शकलात. आता विचारत नाही.

पुढच्या शुक्रवारी जाऊन मामाला खरं सांगेन, असं मी इथे लिहिलं होतं. ते वाक्य खोडलं आहे.